आधी दांडी, मग खुराडं

परसात चार कोंबड्या पाळायच्या ठरल्या की घरात चर्चा ठरलेल्या गोष्टींची होते. गिरिराज घ्यायच्या की गावरान? पत्रा घालावा की कौलं? जाळी बारीक हवी की जाडी चालेल? अंडी घालायला खोका ठेवायचा की टोपली? हे सगळं उभं राहतं, सुतार हत्यारं आवरायला लागतो, आणि तेव्हा कुणाला तरी आठवतं की कोंबड्यांना बसायला काहीतरी आडवं लागतं. मग नळाचा उरलेला पाइप, मोडक्या खाटेचा गात नाहीतर बांबूचा तुकडा दोन भिंतींमध्ये जमेल त्या उंचीवर अडकवून दिला जातो. खुराड्यात ज्या वस्तूवर कोंबडी सगळ्यांत जास्त वेळ काढणार, तिचा विचार असा सगळ्यांत शेवटी होतो.

वेळेचा हिशेब करून बघा. दिवेलागणीला कोंबडी आत शिरते ती उजाडेपर्यंत जागची हलत नाही. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरातली रात्र 13 तासांची आणि जूनमधली पावणेअकरा तासांची. म्हणजे कोंबडीचं जवळजवळ निम्मं आयुष्य दांडीवर जातं. त्यामानाने अंड्याच्या खोक्यात ती दिवसाला फार तर तास-दीड तास असते आणि दाण्याच्या भांड्यापाशी तर येऊन-जाऊन. अंडी घाणेरडी होणं, सकाळी दार उघडताच नाकात शिरणारा उग्र दर्प, लंगडणारी कोंबडी, उगीचच फिकट पडलेला तुरा, या परसातल्या नेहमीच्या तक्रारी मागे मागे शोधत गेलं तर बऱ्याचदा दांडीपाशी येऊन थांबतात. म्हणून आधी दांडी ठरवावी आणि मग तिच्याभोवती खुराडं बांधावं, असं माझं मत आहे.

कोंबडीला दांडी लागते ती हौस म्हणून नव्हे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. डार्विनने 1868 साली पाळीव प्राणी-वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात हे मांडलं आणि पुढच्या जनुकीय अभ्यासांनीही ते मोठ्या प्रमाणात खरं ठरवलं. फक्त एक दुरुस्ती झाली, ती आपल्याला सुखावणारी आहे. पुष्कळ कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. तो पिवळेपणा देणारं जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेलं नसून राखाडी रानकोंबड्याकडून आलं, असं 2008 मध्ये संशोधकांनी दाखवलं. हा राखाडी रानकोंबडा म्हणजे सह्याद्रीत पहाटे ओरडणारा, पकडायला गेलं तर डोळ्यासमोर गडप होणारा आपला रानकोंबडा. हे दोघेही दिवसभर जमिनीवर पाचोळा उकरत फिरतात आणि संध्याकाळ झाली की झाडावर किंवा बांबूच्या बेटात चढून बसतात. जमिनीवर झोपणारा रानपक्षी कोल्ह्या-मांजरांच्या तावडीत सापडणारच. हजारो वर्षं माणसाच्या दारात राहूनही कोंबडीच्या अंगातली ही सवय गेलेली नाही. दांडी मिळाली नाही तर ती खोक्याच्या कडेवर, पाण्याच्या बादलीवर, सायकलच्या हँडलवर, जे उंच दिसेल त्यावर चढते.

इथे कुणी विचारेल की आजीच्या कोंबड्या तर डालग्याखाली झाकायच्या, त्यांना कुठे होती दांडी? खरं आहे. पण डालग्याखाली दोन-चारच कोंबड्या असत, डालगं रोज उचललं जाई, खालची जागा सकाळी शेणाने सारवली जाई नाहीतर झाडून काढली जाई. रात्रीची विष्ठा दुसऱ्या रात्रीपर्यंत कधी तिथे राहिलीच नाही. शिवाय डालगं घराच्या पडवीत, माणसांच्या कानाशी. पक्क्या खुराड्यात जमीन तीच राहते, कोंबड्या वाढतात आणि आपण तिथे आठवड्यातून एकदा डोकावतो. तिथे डालग्याचा हिशेब लागू पडत नाही.

दांडी केवढी जाड असावी, इथून खरा प्रश्न सुरू होतो, आणि बहुतेकांचा इथेच गोंधळ असतो. पक्षी फांदीला मुठीत धरून झोपतो, अशी आपली कल्पना. ती जुनी आहे. इटलीतल्या बोरेली या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांच्या हालचालींवर लिहिलेल्या ग्रंथात सांगितलं की पक्ष्याने पाय दुमडले की पायाच्या मागून जाणारे स्नायुबंध ताणले जातात आणि बोटं आपोआप मिटतात, त्यामुळे झोपेतही पकड सुटत नाही. पाठ्यपुस्तकांनी हे उचललं. पण 2012 साली युरोपातल्या साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांवर प्रयोग करून पाहिला तेव्हा झोपलेले पक्षी फांदी घट्ट पकडतच नव्हते. ते तोल सांभाळून नुसते तिच्यावर टेकलेले होते. कोंबडीला तर हे आणखी लागू होतं, कारण ती दांडीवर उभी झोपत नाही, बसते.

एखाद्या संध्याकाळी खुराड्याच्या दाराशी न बोलता बसा. कोंबडी खाली उभी राहून मान दोन-तीनदा पुढेमागे करते आणि अंतर जोखते. मग गुडघ्यात वाकून पंखाच्या एका फडक्यात वर. वर गेल्यावर दोन पावलं आडवी सरकते, शेजारणीला खांद्याने किंचित ढकलते, अंग फुलवते आणि मग सावकाश छाती खाली आणते. पोटाखालची पिसं दोन्ही पावलांवर पसरतात, बोटं दिसेनाशी होतात. डोळा मिटतो तोही आपल्यासारखा वरून नाही. खालची पापणी वर येते. त्या क्षणापासून तिचं वजन एकट्या पायांवर नसतं, छातीच्या मधोमध असलेल्या धारदार हाडावरही असतं. चिकन खाणाऱ्यांना हे नावेच्या कण्यासारखं हाड चांगलं ओळखीचं आहे. दांडी बारीक आणि गोल असेल तर सगळा भार त्या हाडाच्या एका बिंदूवर येतो. रात्रीमागून रात्र तसं बसल्यावर हाड वाकडं होतं. अंड्यांमुळे कॅल्शियम आधीच कमी झालेल्या कोंबडीत ते मोडतंही. जर्मनीत संशोधकांनी दांडीवर दाब मोजणारे पट्टे बसवून पाहिलं, तेव्हा तळपायापेक्षा छातीच्या हाडावर कितीतरी जास्त दाब येतो असं दिसलं, आणि गोल दांडीपेक्षा सपाट माथ्याच्या दांडीवर तो कमी होता.

म्हणून माथा सपाट हवा, दीड ते दोन इंच रुंद, आणि वरच्या दोन्ही कडा रंध्याने मारून पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेल्या. सुताराला सांगताना ‘दोन बाय दोनची पट्टी, वरच्या कडा गोल’ एवढं सांगितलं तरी पुरतं. तीन-साडेतीन किलोंच्या गिरिराजसारख्या भारी कोंबड्या असतील तर तीन इंचांपर्यंत गेलात तरी चालेल. परदेशी पुस्तकांत चार-चार इंच रुंद फळीची शिफारस आढळते, कारण तिकडे बर्फात कोंबडीची बोटं गोठतात आणि रुंद फळीवर ती पिसांखाली पूर्ण झाकली जातात. आपल्याकडे निफाडचा पारा हिवाळ्यात कितीही उतरला तरी ती भीती नाही. उलट फार रुंद फळीवर विष्ठा साचते आणि कोंबडी तिच्यातच बसते.

लाकूड कुठलं? साग असेल तर उत्तम, पण त्यासाठी वेगळा खर्च करायची गरज नाही. निलगिरी, बाभूळ, आंबा, काहीही वाळलेलं आणि साल काढलेलं चालतं. साल मात्र काढायचीच. का ते पुढे येईल. लोखंडी पाइप नको. मे महिन्यात पत्र्याखालचा पाइप संध्याकाळीसुद्धा तापलेला असतो आणि पावसाळ्यात त्यावर ओल धरते. प्लास्टिकचा पाइप तर निसरडा. त्यावर रात्रभर तोल सांभाळताना कोंबडीची झोपच होत नाही. बांबू घरोघरी असतो, त्यामुळे मोह होतो तो त्याचाच. कळकासारखा पोकळ बांबू मला खुराड्यात नको वाटतो, कारण त्याची पोकळी म्हणजे किड्यांचा वाडा. सिंधुदुर्गातला माणगा किंवा विदर्भातला मानवेल बऱ्यापैकी भरीव असतो. तो मधोमध जाडसर बघून घेतला, पेरं तासून घेतली आणि वरची बाजू थोडी रंधून सपाट केली तर चांगली दांडी होते.

आता जागा. युरोपीय संघाने अंड्यांच्या कोंबड्यांसाठी 1999 मध्ये जो नियम केला त्यात दर कोंबडीमागे किमान 15 सेंटिमीटर दांडी, दोन दांड्यांत किमान 30 सेंटिमीटर आडवं अंतर आणि भिंतीपासून किमान 20 सेंटिमीटर, असे आकडे आहेत. हे आकडे व्यापारी शेडसाठी आहेत आणि ‘किमान’ आहेत, हे विसरायचं नाही. थंडीत कोंबड्या अंगाला अंग लावून बसतात तेव्हा 15 सेंटिमीटर पुरतात. उन्हाळ्याचं काय? कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या वर असतं, आणि अकोल्या-नागपुराकडे मे महिन्यात बाहेरची हवाही त्याच्या आसपास पोहोचते. अशा रात्री ती चोच उघडून धापा टाकते आणि दोन्ही पंख अंगापासून सुटे धरते, म्हणजे पंखाखालून हवा खेळावी. शेजारीण चिकटून बसली असेल तर पंख उघडायला जागाच नाही. म्हणून आपल्याकडे दर कोंबडीमागे एक वीत धरावी, सुमारे 9 इंच. मोजपट्टी लागत नाही, हाताची बोटं ताणून दांडीवरून मोजत गेलं की झालं. भारी जातीला आणि कोंबड्याला वीत आणि वर चार बोटं.

दोन दांड्या असतील तर एक वर, एक खाली अशा शिडीसारख्या लावाव्यात की एकाच उंचीवर? चित्रांत आणि तयार पिंजऱ्यांत शिडीच दिसते. छोट्या खुराड्यात मी एकाच उंचीच्या बाजूने आहे. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे याने शंभर वर्षांपूर्वी, लहानपणापासून कोंबड्या बघत बघत, त्यांच्यातली टोचण्याची उतरंड जगापुढे मांडली: कोण कुणाला टोचू शकतं आणि कुणी मुकाट सरकायचं हे कळपात पक्कं ठरलेलं असतं. ही उतरंड दांडीवर सगळ्यांत स्पष्ट दिसते. वरची पायरी म्हणजे एसटीतली खिडकीजवळची जागा. ती एकच असली की रोज संध्याकाळी त्यासाठी भांडण. वरच्या पायरीवर सहाजणी दाटीवाटीने आणि खालची रिकामी, असं दृश्य शिडीच्या खुराड्यात नेहमीचं. त्यात ढकलाढकलीत एखादी पडते, अंधारात, आणि कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. शिवाय वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या पाठीवर. शिडी करायचीच असेल तर खालची पायरी पुढे काढून घ्या, किमान एक फूट, म्हणजे एकीची शेपूट दुसरीच्या डोक्यावर येत नाही.

रांगेच्या टोकाला कोण बसतं तेही बघण्यासारखं असतं. पक्ष्यांना मेंदूचा अर्धा भाग झोपवून अर्धा जागा ठेवता येतो. अमेरिकेत बदकांवर केलेल्या 1999 सालच्या प्रयोगात दिसलं की रांगेच्या मधली बदकं दोन्ही डोळे मिटून झोपतात, टोकाची मात्र बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवण्याचं प्रमाण वाढवतात. दांडी जाळीला जवळजवळ टेकलेली असेल तर टोकाच्या कोंबडीला राखण करूनही उपयोग नाही. रात्री बोका किंवा उदमांजर आत शिरू शकलं नाही तरी जाळीतून पंजा घालतं आणि हाताला येईल ते ओढतं. सकाळी सापडतं ते फार वाईट असतं. दांडीचं टोक जाळीत अडकवायचं असलं तरी शेवटच्या वीतभर जागेच्या मागे फळी किंवा पत्र्याचा तुकडा मारून ती बाजू बंद करून टाकावी.

उंचीचा प्रश्न लोक छताकडे बघून सोडवतात. तो जमिनीकडे बघून सोडवायला हवा. कोंबडी वर चढताना मजेत चढते, अडचण उतरताना होते. तिचे पंख तिच्या वजनाच्या मानाने तोकडे. उतरण 45 अंशांहून तीव्र झाली की तिचा अंदाज चुकतो, ती छातीवर किंवा एका पायावर आपटते. फरशी किंवा कोबा असेल तर तळपायाला लहानसा ओरखडा येतो, त्यातून जंतू आत शिरतात आणि काही आठवड्यांत तळपायाच्या मध्यभागी काळी खपली धरलेली कडक गाठ तयार होते. कोंबडी लंगडते आणि मालक म्हणतो, कुणीतरी दगड मारला. म्हणजे दांडी जितकी उंच तितकीच मोकळी जागा तिच्यापुढे जमिनीवर हवी. जंगलातल्यासारखं सहा फुटांवर बसायला गावरान कोंबडीला आवडेलही, पण चार फुटांच्या खुराड्यात ती सकाळी समोरच्या भिंतीवर आदळेल.

सहा कोंबड्या आणि एक कोंबडा, असं साधं कुटुंब धरून मांडणी करू. खुराडं 5 फूट रुंद, 4 फूट खोल. छत मागे 5 आणि पुढे 6 फूट उंच, पुढच्या बाजूला दार. रुंदीच्या दिशेने 5 फुटांच्या दोन दांड्या, दोन्ही जमिनीपासून हातभर, म्हणजे दीड फूट उंच. मागची दांडी मागच्या भिंतीपासून एक फूट पुढे, म्हणजे शेपट्या भिंतीला घासत नाहीत. दुसरी तिच्यापासून सव्वा फूट पुढे. पुढच्या दांडीपासून दारापर्यंत पावणेदोन फूट मोकळी जमीन उरते; दीड फुटांवरून उतरायला ती पुरते आणि उतरण 45 अंशांच्या आत राहते. दर कोंबडीला वीत धरली तर एका दांडीवर सहा-साडेसहा जागा, दोन्ही मिळून तेरा. सात जणांना तेरा जागा म्हणजे चैन वाटेल. पण मे महिन्यात त्या पसरून बसतात तेव्हा आणि पुढच्या वर्षी चार तलंगा वाढतात तेव्हा ती चैन वाटत नाही. बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापासून पत्र्यापर्यंत अडीच फूट राहतात. पत्रा दिवसभर तापून संध्याकाळी उष्णता खाली सोडतो, म्हणून हे अंतर दोन फुटांपेक्षा कमी करू नये. पत्र्यावर गवताच्या पेंढ्या किंवा नारळाची झापं टाकली तर आणखी चांगलं. हवेसाठी झरोके ठेवायचे ते कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, छताला लागून. उन्हाळ्यात सगळ्या बाजू उघड्या चालतात, पण पावसाळ्यात अंगावर थेट येणारा ओला वारा कोंबडीला सोसत नाही.

या मांडणीत अंड्यांची खोकी कुठे? पुढच्या मोकळ्या भागात, बाजूच्या भिंतीला, तळ जमिनीपासून फार तर वीतभर उंच. नियम एवढाच की दांडी खोक्यापेक्षा उंच असली पाहिजे. कोंबडी झोपायला मिळेल ती उंच जागा निवडते. खोकं दांडीहून वर लावलं की ती खोक्यात झोपणार, तिथेच रात्रभर हगणार आणि सकाळी त्यातच अंडं घालणार. अंडी धुऊन धुऊन कंटाळलेल्या पुष्कळांचा त्रास खोकं एक फूट खाली आणल्यावर संपतो.

आता विष्ठेकडे वळू. तिला टाळून खुराड्याची गोष्ट पुरी होत नाही. एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास विष्ठा टाकते आणि तिचा मोठा वाटा रात्री, दांडीच्या बरोबर खाली पडतो. त्यातल्या युरिक आम्लापासून जंतू अमोनिया तयार करतात; ओल असेल तर झपाट्याने. अमोनिया कोंबडीचे डोळे आणि श्वासनलिका खराब करतो आणि मग साधी सर्दीही जीवावर बेतते. तपासायची पद्धत सोपी आहे. पहाटे दार उघडण्याआधी वाकून दांडीच्या उंचीवर नाक न्या. उभ्याने वास आला नाही म्हणून समाधान मानू नका, कारण कोंबडी उभी नव्हती, ती रात्रभर तिथे खाली बसली होती. डोळे चुरचुरले तर उशीर झालेला आहे. दांडी ठरावीक जागी असण्याचा मोठा फायदा हाच की घाणही ठरावीक जागी पडते. दांडीखाली वीतभर अंतर सोडून सरकती फळी किंवा पत्र्याचा ट्रे ठेवायचा, त्यावर चुलीची राख नाहीतर भाताचं तूस पसरायचं आणि दोन दिवसांआड ओढून काढून खताच्या खड्ड्यात रिकामा करायचा. ताजं खत थेट झाडाच्या मुळाशी घालू नये, मुळं जळतात. चार-सहा महिने कुजलं की वांग्या-मिरचीला त्यासारखं दुसरं खत नाही.

आणि आता सालीचं कारण. कोंबडीचे सगळ्यांत चिवट शत्रू कोंबडीच्या अंगावर राहत नाहीत, दांडीत राहतात. लाल माइट जेमतेम मिलिमीटरभर असतो. दिवसा तो सालीखाली, फटीत, खिळ्याच्या भोकात, दांडी जिथे भिंतीला टेकते त्या सांध्यात थव्याने दडून राहतो. रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत जातो. उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढ माइट व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि उपाशीपोटी तो महिनोन्‌महिने तग धरतो. दुसरा आपल्याकडचा जुना पाहुणा म्हणजे कोंबड्यांचा गोचीड. गुरांच्या गोचिडासारखा हा अंगाला चिकटून राहत नाही. मोठा झालेला गोचीड रात्री अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि भिंतीच्या भेगेत परततो. त्याच्या चाव्यातून येणारा ताप आणि हिरवट हगवण कळपच्या कळप झोपवू शकते. दिवसा कोंबडी उचलून पिसं उलगडून पाहिलीत तर काहीही सापडत नाही, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. तुरा फिकट पडतो, अंडी कमी होतात, आणि दोष जातो खाद्याला.

यासाठी एक तपासणी घरच्या घरी होते. दुपारी पांढरं फडकं घेऊन दांडीच्या खालच्या बाजूने, विशेषतः दोन्ही टोकांच्या सांध्यांतून दाबून फिरवा. फडक्यावर तांबड्या रेघा उमटल्या तर ते रक्त तुमच्या कोंबड्यांचं आहे. फटींच्या तोंडाशी मिठा-मिऱ्याच्या भुकटीसारखी राखी-पांढरी धूळ दिसली तरी तीच खूण.

म्हणूनच दांडी खिळ्यांनी ठोकून पक्की करू नये. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाकडाचे ठोकळे मारून त्यांना वरून उघडी खाच पाडावी आणि दांडी त्या खाचेत वरून बसवावी. खाच इतकी बेताची हवी की दांडी गोल फिरणार नाही. फिरणाऱ्या दांडीवर कोंबडी एकदा घसरली की पुन्हा बसायला तयार होत नाही. महिन्यातून एकदा, सकाळी कोंबड्या बाहेर गेल्या की दांड्या उचलून अंगणात आणायच्या, उकळतं पाणी ओतायचं आणि दिवसभर कडक उन्हात टाकायच्या. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा उकळतं पाणीच दोनदा. खाचांना आणि भिंतीच्या फटींना ताज्या चुन्याचा हात द्यायचा. जुने लोक दांडीच्या टोकांना रॉकेल लावत. ते बाहेर उघड्यावर लावून पूर्ण वाळल्यावरच आत न्यावं. गुरांच्या गोचिडांवरचं औषध मात्र पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय कोंबड्यांच्या जवळपास नेऊ नये, अंडी घरात खायची असतील तर मुळीच नाही.

पिल्लांचा विषय उरला. स्वीडनमधल्या अभ्यासांत एक गोष्ट दिसली: लहानपणी दांडी न मिळालेल्या कोंबड्या मोठेपणी उंचीचा अंदाज बांधण्यात मागे पडतात, जमिनीवर जास्त अंडी घालतात. पिल्लं दोन आठवड्यांची झाली की त्यांना जमिनीपासून तीन-चार इंचांवर बोटाएवढी काठी द्यावी. ती लगेच त्यावर खेळायला लागतात. खुडूक कोंबडीने स्वतः वाढवलेल्या पिल्लांना हेही करावं लागत नाही. दीड-दोन महिन्यांनी आईच त्यांना एका संध्याकाळी सोडून वर जाते, आणि ती खाली चिवचिवाट करत राहतात, मग एकेक करून मागोमाग चढतात. बाजारातून आणलेल्या, शेडमध्ये गादीवर वाढलेल्या तलंगांना मात्र शिकवावं लागतं. अंधार पडल्यावर एकेकीला दोन्ही हातांनी उचलून दांडीवर ठेवायचं, पाय टेकल्याची खात्री करायची आणि दिवा न लावता निघून यायचं. दिवा असेल तर त्या उतरतात. बहुतेकींना आठवडाभरात कळतं. खुराड्यात रात्री बल्ब ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तो एकदम बंद करू नये. अर्ध्या वाटेवर असलेली कोंबडी अंधारात तिथेच खिळून राहते.

सवय लागल्यावर रात्री एकदा टॉर्चचा मंद झोत टाकून दांडी बघण्याइतकी उपयोगी तपासणी दुसरी नाही. कोंबड्यांच्या जागा जवळपास ठरलेल्या असतात. नेहमीची कोंबडी जागा सोडून खाली कोपऱ्यात बसली असेल तर ती आजारी आहे, पायाला काही झालंय किंवा नव्या कोंबडीने तिला हुसकलंय. सकाळी तिला उचलून बघायचं. आणि संध्याकाळ झाली तरी सगळ्याच कोंबड्या दाराशी घुटमळत असतील, आत जायला तयार नसतील, तर त्यांना हाकलत आत कोंडू नका. आधी दांड्या उचलून खालची बाजू बघा, मग कोपऱ्यांत, खोक्यांत, वळचणीला टॉर्च मारा. माइट असतील किंवा धामण असेल. धामण असेल तर हात न घालता सर्पमित्राला बोलवा, आणि त्या रात्रीपुरत्या कोंबड्या पडवीत डालग्याखाली झाका.